शैलाताईंचं जुनं नाक

नाशिकमध्ये मी पस्तीसेक वर्षं लोकांना झोपवत आले, पण रस्त्यात मला ओळखणारं माणूस क्वचित भेटतं. सर्जनला भेटतं. बाजारात कुणीतरी लगबगीनं पुढे येतं, "डॉक्टर, ओळखलंत का? माझं अपेंडिक्स काढलं होतं तुम्ही," म्हणतं आणि सर्जनच्या पिशवीत दोन कणसं जास्तीची टाकतं. मी शेजारीच उभी असते. त्या अपेंडिक्सच्या वेळी याच माणसाच्या उशाशी बसून मी त्याचा श्वास न् श्वास राखलेला असतो. पण त्याच्या लेखी मी तिथे नव्हतेच. याची तक्रार नाही. माझं काम नीट झालं याची खूणच ती.

मी भूलतज्ज्ञ. माझं स्वतःचं हॉस्पिटल कधी नव्हतं. आमच्यातले बरेचजण असेच फिरते असतात. सकाळी पंचवटीत सिझेरियन, दुपारी कॉलेज रोडला हर्निया, संध्याकाळी गंगापूर रोडला कुणाचं तरी मोडलेलं हाड. पेशंट मला भेटतो तो ऑपरेशनच्या आधी थोडा वेळ, आणि तेव्हा तो घाबरलेला असतो. मग तो झोपतो. उठतो, स्वतःचं नाव नीट सांगतो, आणि मी बॅग उचलून पुढच्या हॉस्पिटलात जाते. पुढे त्याचं काय झालं, घरी गेल्यावर कोण काय म्हणालं, हे आम्हाला कळत नाही. या व्यवसायाची एक हुरहुर मनात राहिली असेल, तर ती एवढीच.

भूल हा शब्द मला आवडतो. रानात ओळखीची वाट सापडेनाशी झाली की आपण भूल पडली म्हणतो. आम्ही देतो तीही भूलच. लोकांना वाटतं ही झोप. झोप नव्हे. झोपेत माणूस कूस बदलतो, डास हाकलतो, हाक मारली तर हुंकार देतो. भुलीत तो सगळंच माझ्या हवाली करून निघून जातो. कुठे जातो ते मला अजून कळलेलं नाही. पण निघताना उंबऱ्यावर क्षणभर थांबतो आणि काहीतरी बोलतो. ते बोलणं मी ऐकत आले.

मालेगावचे एक चाचा होते, सगळी उमर यंत्रमागावर काढलेली. मुतखड्यासाठी आले होते. शिरेतून औषध जाताना ते एकदम दचकले आणि म्हणाले, "लूम किसने बंद किया?" दिवसरात्र खडखडाटात राहिलेला कान तो. शांतता पसरली म्हणजे कुठेतरी धागा तुटला असणार, असंच त्याला वाटणार. ऑपरेशन झालं, चाचा जागे व्हायला लागले, तेव्हा मॉनिटरची टिकटिक चालू होती. डोळे न उघडताच त्यांनी ती ऐकली आणि हसले. "चालू हो गया," म्हणाले.

असे पुष्कळ. पण मला आज सांगायचं आहे ते शैलाताईंविषयी, कारण त्यांच्या गोष्टीचा शेवट मला पाहायला मिळाला.

मी काम कमी करत आणलं होतं तेव्हाची गोष्ट. गंगापूर रोडवर अभिजित नावाच्या एका तरुण प्लास्टिक सर्जनकडे मी जायची. हात हलका, बोलणं कमी. त्याचा एक दिवस फोन आला. "मॅडम, नाकातलं इम्प्लांट काढायचंय. जुनं आहे, सिलिकॉनचं. तुम्ही पेशंटला एकदा बघून घ्याल?"

इथे थोडं समजावून सांगते. नाक बसकं असेल आणि उंच करून हवं असेल, तर त्याच्या कण्यावर, कातडीखाली, एक पट्टी बसवतात. कधी स्वतःच्याच कानातली किंवा बरगडीतली कूर्चा, म्हणजे मऊ हाड, घेतात, कधी सिलिकॉनची तयार पट्टी. सिलिकॉनची असेल तर शरीर तिला आपलं मानत नाही. तिच्याभोवती पातळ पिशवी विणतं आणि तिला पाहुण्यासारखं वेगळं ठेवतं. बहुतेकांची पट्टी जन्मभर गुण्यागोविंदानं राहते. एखादीची मात्र सरकते, टोचायला लागते, शेंड्याची कातडी पातळ करत बाहेरची वाट शोधते.

शैलाताई नवऱ्याबरोबर आल्या. पंचेचाळिशी ओलांडलेली, सावळी, ताठ बाई. एसटीत कंडक्टर, सिन्नर–नाशिक गाडीवर. नाक सरळ, धारदार, अगदी चाफेकळी म्हणावं असं. फक्त शेंडा लाल झालेला, आणि तिथली कातडी कांद्याच्या पापुद्र्यासारखी. आतलं पांढरट काहीतरी दिसत होतं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दिवाळीच्या आधी गाय आडवी आली, मॅडम. ड्रायव्हरनं ब्रेक मारला. मी तिकीट देत व्हते, तोंडावर आपटले दांडीला. गाय वाचली, मी बी वाचले. नाकच तेवढं रुसलं."

माझे नेहमीचे प्रश्न सुरू झाले. दमा आहे का, दात हलतात का, कसली ॲलर्जी, याआधी कधी भूल घेतली होती का.

"दोनदा," त्या म्हणाल्या. "एकदा मुलीच्या वेळेला, सिझरला. आन् एकदा लग्नाआधी. नाकाला."

नवरा खुर्चीत जरा सावरून बसला. भाऊसाहेब त्यांचं नाव, सिन्नरच्या एमआयडीसीत फिटर. शैलाताई त्यांच्याकडे बघून हसल्या.

"यांना आत्ता मागच्या महिन्यात सांगितलं. लग्नाला चोवीस वर्षं झाली."

"मग काय म्हणाले?"

"काय बोललेच नाय. जेवले, हात धुतले, ओट्यावर जाऊन बसले. मला वाटलं, झालं, आता फसवलं म्हणतील. मी पाणी न्यायला गेले तर मला म्हणतात, दुखत होतं का गं कधी?"

भाऊसाहेब खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

मग शैलाताईंनी सगळं सांगितलं. जन्मतः नाक बसकं. घरी, दारी, शाळेत नाव पडलं नकटी. पाहुणे बघायला यायचे, पोहे खाऊन जायचे, पुढे निरोप यायचा नाही. आईचा जीव खालीवर व्हायचा आणि तो राग ती लेकीवर काढायची. पाहुणे उठले की भांडी घासता घासता म्हणायची, नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. वडिलांचा चुलतभाऊ मुंबईला होता. त्याच्याकडून कळलं की नाक उंच करून मिळतं. आईनं हट्टच धरला. लेकीला मुंबईला नेलं, आणि महिन्याभरानं नवं नाक घेऊन दोघी गावी परतल्या. गावात सांगितलं, मामाकडे गेलो होतो.

"आता अभिजित डॉक्टर म्हणतात, ही पट्टी काढतो आन् तुमच्या कानाची कूर्चा घालून नाक परत वर करून देतो. मी म्हटलं, नको. काढा फक्त. दुसरं काय घालू नका."

"तसं केलं तर नाक खाली बसेल. पहिल्यासारखंच होईल असंही नाही. कातडी आखडते, थोडं आखूड दिसेल."

"दिसू द्या."

त्या थोड्या पुढे सरकल्या. आवाज खाली आला. "मॅडम, आई माझ्याकडं असते. वडील गेल्यापासून. दोन वर्षं झाली, तिचं विसरणं लय वाढलंय. मला ओळखतच नाय. रोज खाकीत बघते म्हणून कंडक्टरबाई म्हणते. घरी साडी नेसले तरी कंडक्टरबाई. मी तिला न्हाऊ घालते, वेणी घालते, आन् ती मला विचारते, बाई, सिन्नरची गाडी कवा लागनार? माझी शैला यायची हाय." मग म्हणाल्या, "जुनं सगळं आठवतं तिला, मॅडम. नवंच पुसलं गेलंय. मग तिच्या डोळ्यापुढं माझं जुनंच तोंड असंल ना?"

मी डॉक्टर म्हणून जे ठाऊक होतं ते सांगितलं. विसरणं असं चेहऱ्याच्या हिशेबानं चालत नाही, ऑपरेशन संसर्गामुळे गरजेचं आहे आणि ते तेवढ्यासाठीच करावं, बाकीची आशा फार ठेवू नये.

"आशा ठेवायला काय तिकीट लागतं का?" शैलाताई म्हणाल्या.

ऑपरेशन सकाळी होतं. नाकाच्या ऑपरेशनमध्ये माझी आणि सर्जनची जागा एकच, त्यामुळे भाऊबंदकी ठरलेली. त्याला चेहरा हवा, मला श्वास. श्वासाची नळी मी तोंडातून घालते आणि हनुवटीशी चिकटवते, म्हणजे त्याच्या हाताला लागत नाही. रक्त ओघळून आत जाऊ नये म्हणून घशात ओल्या गॉजची पट्टी भरते. ती पट्टी घातली की समोरच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहायचं आणि काढली की पुसायचं, हा माझा नियम. फळा पुसल्याशिवाय पेशंटला उठवायचं नाही. आणि एक गोष्ट आधीच पढवून ठेवायची, की उठल्यावर नाक बंद असेल, जीव घाबरेल, तेव्हा तोंडानं श्वास घ्यायचा. माणूस जन्मल्यापासून नाकानं श्वास घेतो. ते दार बंद दिसलं की त्याला वाटतं संपलं सगळं.

"काय आवडतं तुम्हाला? त्याचा विचार करा," मी शैलाताईंना म्हटलं. औषध हातात तयार होतं.

"पहिली गाडी," त्या म्हणाल्या. "सिन्नरहून सुटते ती. मोहदरीच्या घाटात धुकं असतं, मॅडम. काचेबाहेर काय बी दिसत नाय. गाडीत चार माणसं, ती बी झोपलेली. ड्रायव्हर हळू घेतो. असं वाटतं, आपण खाली उतरत नाय, वर चाललोय..."

औषध जाऊ लागलं. त्यांचे डोळे जड झाले. मग त्यांचा उजवा हात हळूच वर उठला, हवेतली एक दोरी त्यानं धरली आणि दोनदा ओढली. टण, टण. गाडी निघाली. हात खाली येताना मी तो माझ्या हातात घेतला.

पुढचा वेळ मला अजून आठवतो तो पाण्याखालच्या दृश्यासारखा. हिरव्या कापडांच्या मधोमध फक्त चेहरा, त्यावर गोल पांढरा उजेड, मॉनिटरचा संथ ठेका, माझ्या हाताखाली फुगणारी आणि बसणारी श्वासाची पिशवी. अभिजितनं नाकपुडीच्या आतून छेद घेतला. पट्टीभोवतीची पातळ पिशवी उघडली आणि चिमट्यानं टोक धरलं. वाटाण्याच्या शेंगेतून दाणा निसटावा तशी ती पट्टी बाहेर आली. बोटाच्या दोन पेरांएवढी, दुधाळ, गुळगुळीत.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत नाक खाली बसलं. एकदम नाही. दमून आलेला माणूस भिंतीला टेकून हळूहळू बसतो, तसं. गालांची ठेवण बदलली. डोळे आधीपेक्षा लांब लांब वाटू लागले, कपाळ रुंद झालं. मी जिला झोपवलं ती बाई हळूहळू निघून गेली आणि तिच्या जागी दुसरीच कुणी, वयानं लहान वाटणारी, येऊन निजली. श्वास मात्र तोच चालू होता. मी उगीच एकदा नाडीवर बोट ठेवून पाहिलं.

अभिजितनं जखम धुतली. मग थांबला. "मॅडम, आत स्वच्छ आहे. संसर्ग फार पसरलेला नाही. कानातून थोडी कूर्चा घेऊन कणा उचलू का? दहा टक्के उंची दिली तरी किती छान दिसेल. नंतर त्यांना नक्की वाईट वाटेल, आणि तेव्हा कातडी आखडलेली असेल."

तो मनापासून बोलत होता. त्याच्या हाताला समोर अर्धं राहिलेलं काम दिसत होतं आणि ते पुरं करण्याची कला त्याच्यापाशी होती.

"त्यांनी नको म्हटलंय," मी म्हणाले.

"हो, पण आत कशी स्थिती असेल ते तेव्हा त्यांना माहीत नव्हतं."

"अभिजित, त्या आत्ता इथे नाहीत. येईपर्यंत त्यांचा शब्द मी सांभाळायचा, एवढंच माझं काम."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मास्कवरून फक्त डोळे दिसत होते. मग मान हलवून त्यानं टाके घालायला सुरुवात केली.

घशातली पट्टी काढली, फळा पुसला, त्यांचा श्वास सुरू झाल्यावर नळीही काढली. शैलाताई हळूहळू वर येऊ लागल्या. नाक बंद आहे हे कळताच त्यांची छाती धडपडली. मी कानाशी वाकले. "तोंडानं, शैलाताई. तोंडानं घ्या श्वास. गाडी घाटातून बाहेर आलीय."

त्यांनी मोठा श्वास घेतला. मग घोगऱ्या आवाजात विचारलं, "निघालं?"

"निघालं."

अभिजितनं ती सिलिकॉनची पट्टी छोट्या बाटलीत घालून त्यांना दाखवली. त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ पाहिली. "एवढंसंच व्हतं?" म्हणाल्या आणि बाटली परत केली. "तुमच्याकडंच टाकून द्या."

इथे माझं काम संपलं होतं. नेहमीसारखं. मी बॅग भरली आणि निघाले. पण आठवड्यानंतर अभिजितकडेच दुसरी एक केस होती. ती आटोपून मी चहा घेत बसले होते, तेवढ्यात बाहेर शैलाताईंचा आवाज आला. नाकावरच्या पट्ट्या काढायला आल्या होत्या. आणि बरोबर आई.

"शेजारीण रोज बघते हिला. ती लेकीकडं गेलीय," त्या म्हणाल्या. "म्हटलं, चल, तुला बी नाशिक दाखवते."

आई म्हणजे हरभऱ्याच्या काडीएवढी म्हातारी. नऊवारी, कपाळावर गोंदण, हातात कापडी पिशवी घट्ट धरलेली. तिला तपासणीच्या खोलीत कोपऱ्यातल्या खुर्चीत बसवलं. पंख्याकडे बघत ती शांत बसून राहिली. मी तिच्या शेजारी बसले.

अभिजितनं पट्ट्या ओल्या करून एकेक सोडवल्या. कापसानं नाक पुसलं आणि शैलाताईंच्या हातात आरसा दिला.

नाक बसकं होतं. थोडं आखूड, शेंड्याशी एक बारीकशी खूण. आपण ज्याला सुंदर म्हणतो त्यातलं नव्हे. पण त्या चेहऱ्यात ते असं मिसळून गेलं होतं की आठवड्यापूर्वीचं धारदार नाक मला आठवेना. शैलाताईंनी आरसा जवळ नेला, लांब नेला. डोळ्यात पाणी आलं. मग आरशातल्या बाईला म्हणाल्या, "हितंच व्हतीस का गं तू?"

त्यांनी आरसा ठेवला. पदरानं डोळे टिपले, उठल्या आणि आईच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या. अभिजितनं हातमोजे काढता काढता हात थांबवले. त्यालाही तोवर सगळं माहीत झालं होतं.

"आई," शैलाताई म्हणाल्या. "बघ बरं कोन हाय?"

म्हातारीनं मान वर केली. पाहिलं. आणि तिच्या डोळ्यात खरंच काहीतरी पेटलं, अंधाऱ्या घरात कुणी काडी ओढावी तसं. ती धडपडत उठली. पिशवी खाली पडली. तिनं घाईघाईनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि बाजूला सरून, खाली बघत उभी राहिली.

"आत्याबाई," ती म्हणाली. "तुम्ही कवा आल्या? मला ठावंच नाय."

अभिजितला काही कळेना, त्यानं माझ्याकडे पाहिलं. जुन्या बायका सासूला आत्याबाई म्हणतात.

"माझी आजी समजती ती मला," शैलाताई हलक्या आवाजात म्हणाल्या. "माझ्या बापाची आई. तिचं नाक असंच व्हतं."

अभिजित पुढे झाला. "अहो आजी, या तुमच्या..."

शैलाताईंनी हात वर करून त्याला थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं ते मी पाहत होते. मग त्यांनी खुर्ची ओढली, जड शरीराची बाई बसते तशा सावकाश बसल्या आणि म्हणाल्या, "बस खाली."

"तुमच्याम्होरं कशी बसू?"

"बस म्हनते ना. दमली आसशील."

म्हातारी खुर्चीच्या अगदी कडेला टेकली. पदराचं टोक तिनं दातात धरलं. मग, जणू किती वर्षं सांगायचं राहून गेलं होतं, तसं बोलू लागली.

"आत्याबाई, शैलीचं नाक तुमच्यावर गेलंय. लोकं बोलायची, म्हून मी बी तिला बोलले. लय बोलले. तुम्ही नगं म्हनत व्हत्या, तरी ममईला नेऊन पोरीचं नाक कापून आनलं." "तवापासून पोर माझ्याशी धड बोलली नाय. चांगलं व्हतं तिचं नाक. तान्ही व्हती तवा मी बोटानं दाबून बघायची. मऊ, लोन्यावानी."

शैलाताई ऐकत होत्या. नाक अजून पुरतं मोकळं झालं नव्हतं, त्यामुळे श्वास तोंडानं येत होता, मोठ्यानं.

"पोर बरी हाय," त्या शेवटी म्हणाल्या. "मला भेटली व्हती. काय राग नाय तिला."

"तसं म्हनली?"

"म्हनली. आईला सांगा, म्हनली."

म्हातारीनं दोन्ही हातांनी कपाळाला पदर टेकवला, आणि मग वाकून शैलाताईंच्या पायाला हात लावला. शैलाताईंनी पाय मागे घेतले नाहीत. घेतले असते तर सगळंच मोडलं असतं. त्यांनी आईच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. अभिजित उगीचच बेसिनशी जाऊन हात धूत उभा राहिला.

थोड्या वेळानं दोघी निघाल्या. मी दारापर्यंत सोडायला गेले. "मॅडम, ओळखलं नाय तिनं," शैलाताई मला म्हणाल्या, आणि मग थांबून, "पर बोलली तर खरं," म्हणाल्या.

फाटकापाशी उभी राहून मी बघत होते. म्हातारी सुनेच्या रीतीनं, डोक्यावर पदर घेऊन, दोन पावलं मागून चालत होती. ती बरोबरीनं यावी म्हणून शैलाताईंनी पाय हळू केला. तशी म्हातारीनंही केला. त्या थांबल्या, तर तीही मागे थांबली. शेवटी शैलाताई उलट चालत तिच्यापाशी आल्या, तिचा हात धरला, आणि गंगापूर रोडच्या त्या भर रहदारीतून सासूसुना दोघी हळूहळू पलीकडे गेल्या.